दुर्बिणीचा नंबर

विंडहुकच्या विमानतळावर, सामानाचा पट्टा संपतो तिथे, परदेशी शिकाऱ्यांच्या बंदुका तपासायची खोली आहे. चौदा वर्षं तिथे हवालदार केझिया कावारी बसते. बंदूक टेबलावर आली की ती लोखंडात कोरलेला नंबर बोटाने चाचपत मोठ्याने वाचते आणि अर्जाशी ताडते. मी एका शिकार-फार्मवर कारकून. पाहुण्यांचे अर्ज आधीच भरून ठेवायचे आणि त्यांना घ्यायला जायचं, हे माझं काम.

जूनमध्ये ऑस्ट्रियाचा एक बडा पाहुणा आला. केझियाने त्याची रायफल पाहिली, मग माझा अर्ज पाहिला.

"ताते गेर्सोन," ती मला म्हणाली. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला ताते म्हणतात आणि बाईला मेमे. "हा नंबर बंदुकीचा नाही. वरच्या दुर्बिणीचा आहे."

पाहुण्याने निघण्यापूर्वी दुर्बिणीवरचा आकडा उतरवून पाठवला होता. त्याच्या देशाच्या कस्टमच्या कागदावरही तोच होता. मी तसाच अर्जात घातला.

"मेमे, चूक माझी. खोडून नीट लिही ना. बंदूक तर समोर आहे."

"आहे. पण ती ह्याचीच, असं सांगणारा एक तरी कागद दाखव. उद्या ही इथे कुणाला विकली आणि जाताना दुसरीच नेली, तर मी कुणाला धरू? दुर्बिणीला?"

पाहुणा तापला. आमच्या मालकांनी, हार्टविगसाहेबांनी, वर फोन लावला. पाच मिनिटांत केझियाच्या साहेबांचा फोन आला. तिने तो कानापासून लांब धरला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"कावारी, ताणू नकोस. उत्तरेच्या सीमेवर माणसं कमी आहेत, ठाऊक आहे ना?"

केझियाच्या आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. त्या सीमेवरून विंडहुकचा दवाखाना दिवसभराच्या वाटेवर. हे साहेबांनाही माहीत होतं.

"ठाऊक आहे, साहेब. परवान्याचं पुस्तक उघडं ठेवते. तुम्ही या, सही करा. शिक्का मी मारते."

साहेब आले नाहीत. रायफल कपाटात गेली, पाहुण्याला पावती मिळाली. त्याने फार्मच्या जुन्या बंदुकीने कुडू जातीचं हरीण मारलं आणि आठवडाभर कुरकुरला.

तीन आठवड्यांनी बदलीचा हुकूम आला. मी म्हणालो, "माफी मागून टाक, मेमे. आईसाठी."

"कसली माफी? वाचता येतं ह्याची?"

तिने दोन ओळींचं उत्तर लिहिलं: बदलीचं कारण लेखी द्यावं, ते मिळेपर्यंत मी याच टेबलावर आहे. मी त्याला माझा कागद जोडला: नंबर चुकीचा होता, अर्ज मी भरला, हवालदारांनी तो अडवला हे योग्यच केलं. खाली तारीख आणि पूर्ण सही. मालक भडकले. भडकू देत. माझी चार महिन्यांची नोकरी उरली आहे, आणि एवढ्या वर्षांत मी खोट्या कागदावर सही केलेली नाही.

कारण लिहायचं तर त्यात ती रायफल येणार, तो फोन येणार. म्हणून कुणी लिहीना. शेवटी एका मंगळवारी वरून माणूस आला. केझिया नुकतीच आईला दवाखान्यात सोडून आली होती.

"साहेब म्हणतात, तुमचं पत्र मागे घ्या. विषय संपवू."

"आधी हुकूम मागे घ्या म्हणावं," ती म्हणाली. "आणि तेही लेखी."