खामगावच्या एजन्सीची चौकशी

हे बाहेर कोणाला सांगायचं नाही, असं आमच्या घरात ठरलं आहे. ताईनं माझ्याकडून आईची शपथ घेतली आणि आईनं ताईची. पण शपथ 'सांगणार नाही' अशी आहे. 'लिहिणार नाही' अशी कोणी घातलीच नाही! तसंही मला तोंडानं काही सांगता येत नाही. हजेरी देतानासुद्धा माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही. तेव्हा चहा घेऊन बसा आणि वाचा, मी केवढा घोळ घातला ते.

माझी ताई भाषांतरकार आहे. धाड या आमच्या गावी, घराच्या मधल्या खोलीत बसून ती इंग्रजीचं मराठी करते. साहेब नाही, ऑफिस नाही. वेगवेगळ्या एजन्स्या तिला ईमेलनं काम पाठवतात. शेजारच्या काकूंना अजून वाटतं की ती कसली तरी परीक्षा देते आणि दरवर्षी नापास होते.

मागच्या वर्षी एका एजन्सीनं तिच्याकडून ट्रॅक्टरचं चाळीस पानी माहितीपुस्तक करून घेतलं, आणि गायब! फोन बंद, ईमेल परत. तेव्हापासून, आई बाजारात वांगी तपासते ना, तशी ताई नवी एजन्सी तपासते. ईमेल कंपनीच्या नावाचा आहे की फुकटातला? पत्ता नकाशावर सापडतो, की तिथं नुसतं वावर दिसतं? नमुना म्हणून पाव पान मागतात की अख्खं पुस्तक? कामाआधी लेखी ऑर्डर देतात का? आणि शेवटी भाषांतरकारांच्या ग्रुपवर एकच प्रश्न: 'यांच्यासोबत कोणी काम केलंय का?'

इकडं बाबांनी सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत वर्षाचं बांधून काम भेटलं तं ठीक. नाही तं मी स्थळं पाहायले लागतो." ताई हो म्हणून बसली होती. दिवाळी पाच आठवड्यांवर आली आणि बांधून काम कुठंच दिसेना.

तेवढ्यात खामगावच्या एका एजन्सीचा ईमेल आला, खाली मालकाचं नाव सागर. बियाण्यांच्या माहितीपत्रकांचं काम, वर्षभराचं!

ताईचा विश्वासच बसेना. "लंडनची असती तं मानलं असतं. खामगावात कापसाची एजन्सी राह्यते, भाषांतराची कुठून आली वं?"

ईमेल बरोबर निघाला. नमुना पाव पानाचाच होता, तो तिनं करून पाठवला. पत्ताही सापडला, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरचा. पण ग्रुपवर चिडीचूप! "कोणालेच माहीत नाही. मी नाही म्हणून टाकते," ताई म्हणाली.

आणि मला आठवलं, खामगावात तर आपली मावशी राहते!

फोन केला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण मावशीचं नुसतं 'हॅलो'सुद्धा भांडण काढल्यासारखं असतं. वर तिला भाषांतराची एजन्सी म्हणजे काय हे समजावून सांगायचं? विचारानंच मला घाम फुटला. म्हणून तेवढं गाळून मी मेसेज लिहिला. स्वच्छ, शुद्ध, आकडे घालून:

'मावशी, ताईसाठी एक चौकशी हवी आहे. मुलाचं नाव सागर. पत्ता खाली देते. १) किती वर्षांपासून तिथं आहेत? २) जागा स्वतःची की भाड्याची? ३) दिलेला शब्द पाळतात का? ४) आधी कोणाशी जमलं होतं का, आणि मोडलं असेल तर का मोडलं? ५) कोणाला फसवलं तर नाही ना? ताईला आणि आई-बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. तुझी समीक्षा.'

आता तुम्हीच सांगा, यात चूक कुठं आहे? पाचही प्रश्न एजन्सीला लागू पडतात की नाही?

मावशीकडून आधी अंगठा आला. मग गुलाबाचं फूल आलं. फूल कशासाठी, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा आवाजी मेसेज आला. "समे, सारं इचारलं म्या! खालच्या झेरॉक्सवाल्याले इचारलं, दूधवाल्याले इचारलं, समोरच्या न्हाव्यालेही इचारलं. पोरगं लाखात एक हाय! ना पान, ना तंबाखू. आधी एका जागी जमत आलं होतं, पण यायनंच नाही म्हटलं. घरी माय एकटी, सोभावानं गरीब. पुढचं मी पाहते, तू आपला अभ्यास कर!"

मला वाटलं, मावशीनं जरा जास्तच खोलात जाऊन चौकशी केली. एवढंच!

मी ताईला सांगितलं, "एजन्सी खरी हाय. माझ्या ओळखीतून कळलं."

"तुयी ओळख? तू तं घरातल्या लोकायशीही बोलत नाहीस!"

पण त्याच संध्याकाळी सागरचा ईमेल आला: 'रविवारी धाडला येतो आहोत, समोरासमोर बोलू.' ताईनं मला मिठीच मारली. "जो घरी यायले तयार हाय, तो बुडवून पळणार नाही!"

मागाहून कळलं ते असं. न्हाव्यानं सागरच्या आईला सांगितलं की मुलाची चौकशी चालली आहे. तिनं मावशीला गाठलं, मावशीनं आईला फोन केला: "पाहुणे येऊन राह्यले. पोरीले सांगू नको, नाही म्हणन." आणि सागरला त्याच्या आईनं एवढंच सांगितलं की धाडची माणसं तुझी चौकशी करून राह्यली, चल भेटून येऊ. त्याला वाटलं, भाषांतरकार एजन्सी तपासतातच. बरोबरच आहे!

रविवारी मी सगळं पाहत होते. आईनं फुलांचे कप काढले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आई ताईला म्हणाली, "तो हिरवा ड्रेस घाल वं." ताई लॅपटॉप चार्ज करत होती. मला वाटलं, वा! घरात ताईच्या कामाची किंमत वाढली!

गाडीतून सागर उतरला, त्याची आई उतरली, आणि मागून मावशी उतरली. हातात नारळाची पिशवी. तेव्हा मला ते गुलाबाचं फूल आठवलं.

पोहे आले. सागरनं विचारलं, "दिवसाला साधारण किती शब्द होतात यांचे?"

ताईच्या आधी आईच म्हणाली, "नाही हो! बोलतच नाही ते फार. आपलं काम भलं अन् ते भली!"

सागर गोंधळला. "आणि आधीचा अनुभव?"

"तिघांसंग हाय," ताई ताठ बसून म्हणाली. "दोघं पुण्याचे, एक हैदराबादचा. एकानं तं फसवलंच मले."

सागरच्या आईचा घास हातातच राहिला. बाबांना ठसका लागला. मावशी घाईघाईनं म्हणाली, "लहान होती हो तेव्हा!"

पण सागर खूश होता. त्यानं पिशवीतून कागद काढले. "आमच्याकडून तर पसंत आहे. आजच सही झाली तर बरं."

बाबा उभेच राहिले. "सही? पहिल्याच भेटीत? कोर्टातलं लगन लावून राह्यले का तुम्ही?"

"लग्न?" सागर म्हणाला.

"लगन?" ताई किंचाळली.

"मंग आपण कायच्यासाठी आलो?" सागरची आई म्हणाली.

मावशीनं फोन काढला आणि माझा मेसेज मोठ्यानं वाचला. एक ते पाच, 'तुझी समीक्षा'सकट. सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. दारात मी, हातात पाण्याचा तांब्या.

"मी एजन्सीबद्दल विचारलं होतं," मी म्हणाले. कोणालाच ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या!

ताईचं तोंड पांढरं पडलं होतं. काम तर गेलंच, वर स्थळंही सुरू! मला तांब्यात बुडून जावंसं वाटलं.

सागरनं फोन हातात घेऊन प्रश्न वाचले. कान लाल झाले होते त्याचे. "प्रश्न मात्र बरोबर आहेत," तो ताईला म्हणाला. "पूर्वीच्या दोन भाषांतरकारांचे नंबर देतो. तुम्हीच विचारा."

माझी ताईसुद्धा अशी, की तिथंच सगळ्यांसमोर तिनं दोघांनाही फोन लावले! पैसे वेळेवर देतात का, ऑर्डर लेखी देतात का, सगळं विचारलं. मग करार दोनदा वाचला आणि सही केली. बाबांनीही चष्मा लावून तो पाहिला. "वर्षाचं काम हाय खरंच?"

"हो, काका."

"मंग दिवाळीनंतरच्या स्थळायचं राहू द्या," बाबा म्हणाले. नारळ त्यांनी लॅपटॉपसमोर फोडला. सागरची आई खोबरं खात उसासे टाकत होती.

मला शिक्षा झाली. नव्या एजन्सीला फोन यापुढं मीच करायचा, म्हणजे भीती जाईल. काल पहिला केला, नागपूरला. समोर ताईनं लिहून दिलेला कागद होता. पलीकडून बाई 'हॅलो' म्हणाल्या आणि कागदावरची सगळी अक्षरं पळाली. माझ्या तोंडून काय निघावं?

"नमस्कार, मी मुलीकडून बोलते आहे."

 मग त्या बाई काय म्हणाल्या असतील, सांगा बरं? त्या म्हणाल्या की आमच्याकडं—

"समे! हैदराबादचा फोन लागला वं, ये लवकर!"

आले, ताई, आले! तर त्या म्हणाल्या की आमच्याकडं दोन मुलगे आहेत, पण त्यातला थोरला आधीच ठरला, धाकटा चालेल का?