दोष कॅमेऱ्याचा, असं मी सांगितलं

वणीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साक्षगंध, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो, पासपोर्ट हे करता करता सव्वीस वर्षं गेली. फोटो मी काढायचो आणि आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर बसून अल्बम बायको लावायची. माझ्याकडे दहा-अकरा वर्षांपूर्वीचा डीएसएलआर होता. गावातले बाकीचे सगळे फोटोग्राफर एकेक करून मिररलेसवर, नव्या जातीच्या हलक्या कॅमेऱ्यांवर, गेले होते. लग्नाची ऑर्डर द्यायला आलेले लोकही आधी विचारायचे, "मिररलेस हाय का तुमच्याकडे?" मी म्हणायचो, फोटो कॅमेरा काढत नाही, माणूस काढतो. हे मी बरीच वर्षं म्हणालो, आणि त्याचा मला अभिमान होता.

मग माझा उजवा हात थरथरायला लागला.

आधी नुसता अंगठा हलायचा, तोही मी निवांत बसलो की. मग कप बशीत ठेवताना आवाज व्हायला लागला. मी हात खिशात ठेवू लागलो. लग्नात कोपर बरगडीला दाबून, खांबाला पाठ टेकवून, श्वास रोखून फोटो काढायचो. फ्लॅश मारला की हाताची थरथर फोटोत उतरत नाही, म्हणून जिथे तिथे फ्लॅश मारायचो. लोक म्हणायचे, आजकाल तुमचे फोटो पांढरे पांढरे येतात. मी म्हणायचो, कॅमेरा जुना झाला.

गेल्या उन्हाळ्यात मारेगावजवळच्या एका गावात लग्न होतं. बौद्ध घर, साधं लग्न. नवरीचा बाप कोळशाच्या खाणीतून नुकताच रिटायर झालेला, उंच, जरा वाकलेला माणूस. त्याला फोटोचा भारी संकोच. दिवसभर तो वाढप्यांच्या मागे होता, पाण्याच्या कॅनजवळ होता, मंडपाच्या कनाती बांधत होता. ग्रुप फोटोसाठी बोलावलं की "तुम्ही घ्या, मी आलोच" म्हणायचा आणि यायचा नाही. जिथे सापडला तिथे तोंड खाली किंवा कुणाच्या तरी खांद्याआड.

बिदाईला दिवस कलला होता. गाडीजवळ नवरीनं वळून बापाला मिठी मारली. त्यानं तिचं डोकं छातीशी धरलं आणि वर बघितलं, सरळ माझ्याकडे. दिवसभरात पहिल्यांदा तो कॅमेऱ्यासमोर होता आणि त्याला कॅमेऱ्याचं भान नव्हतं. माझ्या फ्लॅशचे सेल तेवढ्यात संपले. बदलायला वेळ नव्हता. टेकायला खांब नव्हता. मी तसेच सात फोटो काढले.

घरी आल्यावर ते मोठे करून बघितले. सातही हललेले. दोन चेहऱ्यांच्या जागी दोन धुरकट डाग, त्याच्या डोळ्यांच्या जागी दोन काळ्या रेघा. अल्बममध्ये ते घातले नाहीत. कुणी विचारलंही नाही.

महिनाभरात तो माणूस गेला. सकाळी मोटरसायकलवरून वणीकडे येत होता, कोळशाच्या ट्रकनं धडक दिली. मला हे पेपरमधून कळलं. फोटो आयकार्डावरचा छापला होता, त्यावरून मी ओळखलं नाही. नाव आणि गाव वाचून ओळखलं.

आठवड्यानं ती मुलगी स्टुडिओत आली. सोबत नवरा होता, तो बाहेरच गाडीवर बसून राहिला. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काकाजी, पुण्यानुमोदनाला बाबाचा मोठा फोटो पाहिजे. घरात एकबी धड फोटो नाही."

मी अल्बमची फाइल उघडली. बाप जिथे जिथे आला होता ते सगळे दाखवले. ती मान हलवत राहिली.

"हे नाही. बिदाईच्या टाइमाले तुम्ही समोर होते. मले आठवते. मी रडून राह्यली होती तरी मले बटनाचा आवाज येत होता. तो द्या."

मी तिच्याकडे न बघता सांगितलं, "ते बिघडले, बेटा. कॅमेरा जुना झाला. अंधारात धरत नाही तो."

"एकबी नाही?"

"नाही."

तिनं पडद्यावरचे फोटो एकदा परत बघितले. मग म्हणाली, "असू द्या. तुम्ही तरी काय करसान." आणि पदरानं तोंड पुसून उठली. आतल्या दारात बायको उभी होती.

त्या दिवसापासून मी नव्या कॅमेऱ्याच्या मागे लागलो. खोटं एकदा बोलून झालं होतं, आता मला ते खरं करून घ्यायचं होतं. मोबाइलवर रोज व्हिडिओ बघायचो. नव्या मिररलेसमध्ये म्हणे सेन्सरच आत तरंगतो, हात हलला तर तो उलट्या दिशेनं सरकतो. चालत्या माणसानं काढलेला फोटोसुद्धा हलत नाही. समोरच्या माणसाचा डोळा तो आपोआप शोधतो. अंधारातही चालतो. मी ते बघायचो आणि बापाचा तो चेहरा स्पष्ट दिसायला लागायचा. असा कॅमेरा असता तर, असं मला खरंच वाटू लागलं. इतकी वर्षं मी माणूस माणूस करत होतो, आणि आता सगळा भार मी यंत्रावर टाकत होतो.

बायको म्हणाली, "घ्यायचा तर घ्या. पण आधी हातात धरून पाहा. मी येते संगं."

आम्ही नागपूरला गेलो. दुकान मोठं होतं, एसीचं. काउंटरवरचा तरुण माणूस फार नम्र होता. त्यानं कॅमेरा माझ्या हातात दिला. हलका होता. मी मुद्दाम कोपर मोकळं ठेवून दुकानाचा एक कोपरा टिपला. पडद्यावर बघितलं. कपाटावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. हात थरथरत होता आणि फोटो दगडासारखा स्थिर.

"आता मॅडमचा घ्या," तो म्हणाला. "मॅडम, जरा हसा."

बायकोला हसायला सांगितलं की तिला खरंच हसू येतं. ती हसली. मी बटण दाबलं. पडद्यावर तिचं तोंड मिटलेलं होतं, ती बाजूला बघत होती.

"परत एकदा."

परत तेच. तिनं मान वर केली ती मला दिसली, पण फोटोत मान खाली होती. तिनं केस मागे घेतले, फोटोत हात मांडीवर. मी दहा-बारा वेळा प्रयत्न केला. प्रत्येक फोटो स्वच्छ होता आणि प्रत्येक फोटो उशिराचा होता. मला वाटायचं मी दाबलं, पण बोट अजून निघालेलंच नसायचं. कुणीतरी दुसऱ्यानं माझ्यानंतर बटण दाबावं, तसं.

"हा स्लो आहे का?" मी विचारलं.

दुकानदारानं कॅमेरा घेतला, बायकोला परत हसायला सांगितलं आणि फोटो काढला. हसू जसंच्या तसं आलं. त्यानं कॅमेरा काचेवर ठेवला. माझ्या हाताकडे त्याची नजर गेली आणि त्यानं ती लगेच वळवली.

"सर, कॅमेऱ्यात प्रॉब्लेम नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही घाई करू नका. विचार करून या."

बाहेर आल्यावर बायको रस्त्याच्या कडेलाच थांबली. "परतवाड्याला माझ्या भावाले हेच झालतं," ती म्हणाली. "चाला, डॉक्टरले दाखवू. आलोच हावो तर."

डॉक्टरांनी मला अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, पटापट. चार वेळा आपटलं आणि मग बोटाची हालचाल लहान लहान होत थांबली. कागदावर गोल गोल वेटोळं काढायला लावलं, ते आत आत आक्रसत गेलं. मग त्यांनी सांगितलं, कंपवात. गोळ्यांनी थरथर कमी होईल, हालचालीतला उशीर थोडा सुधारेल, पण आजार जाणार नाही, वाढत राहील. मी विचारलं, "बोट पहिल्यासारखं होईल का?" ते म्हणाले, "तुम्ही काय काम करता?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

एसटीत बायको खिडकीकडे बसली. वर्धा नदीचा पूल मागे पडला.

"तुले कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाली."

"कसं?"

"अल्बम मीच लावते ना. लग्नाचे चारशे फोटो हललेले राहत. मी ते काढून फेकत होती. तुम्ही पाहाच्या आत."

"सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी घरी बसले असते." मग ती म्हणाली, "त्या पोरीच्या वक्ती मले सांगाले पाहिजे होतं. तेवढं चुकलं माझं."

मी म्हणालो, तुझं नाही. माझं चुकलं हे शब्द तोंडात होते, ते बाहेर पडले नाहीत.

चार दिवस मी तसाच राहिलो. मग त्या सातपैकी त्यातल्या त्यात बऱ्या एका फोटोची प्रिंट काढली, पाकिटात घातली आणि तिच्या माहेरी गेलो. बाप गेल्यापासून ती तिथेच होती. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाच्या फोटोखाली बापाचा फोटो लावलेला होता. आयकार्डावरचाच, मोठा करून. ताठ मान, ओठ घट्ट मिटलेले, तिशीतला कुणी अनोळखी माणूस. निळा हार घातला होता.

तिच्या आईनं पाणी आणून दिलं. मी दोन्ही हातांनी ग्लास धरला तरी ते सांडलं. मी सांगितलं, कॅमेऱ्याला काही झालं नव्हतं. माझा हात. आजार आहे.

मुलगी माझ्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "लग्नाच्या दिवशी माहीत होतं तुम्हाले?"

"आजाराचं नाव माहीत नव्हतं. हात थरथरतो हे माहीत होतं."

"मंग दुसऱ्या कोणाले काहून नाही पाठवलं?"

आई म्हणाली, "जाऊ दे, माय. त्याइले काय ठाऊक, असं होईन म्हणून."

"मी त्याइले विचारून राह्यली, आई."

खरं उत्तर होतं, पण ते तिच्यासमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. मी पाकीट पुढे केलं. तिनं ते घेतलं, उघडलं नाही, गादीखाली सरकवून ठेवलं. मी "येतो" म्हणालो. आई दारापर्यंत आली, ती आली नाही.

नवा कॅमेरा मी घेतला नाही. बायको एकदा म्हणाली, मी शिकते, माझ्यासाठी घेऊ. ती खरंच शिकली, पण जुन्यावरच. तो आता स्टुडिओत ट्रायपॉडवर पक्का बसवलेला आहे. बटण ती दाबते. मी माणसाला स्टुलावर बसवतो, खांदे सरळ करायला सांगतो, हनुवटी जरा खाली घ्यायला सांगतो. पासपोर्टला, फॉर्मला, आयकार्डाला लागतात ते फोटो. गोळ्या चालू आहेत. सकाळचे दोन-तीन तास हात बरा असतो.

लग्नाच्या दिवसांत अजून फोन येतात. सुरुवातीला मी तारीख भरली आहे म्हणायचो. मागच्या आठवड्यात केळापूरहून एका मुलीच्या बापाचा फोन आला. त्याच्या थोरलीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. "धाकटीलेबी तुम्हीच पाहिजे," तो म्हणाला.

मी म्हणालो, "भाऊ, माझा हात थरथरते. मी आता लग्नं घेत नाही."

मग त्यानं विचारलं, दुसरं कोण चांगलं आहे. मी वणीतल्याच एका फोटोग्राफरचं नाव सांगितलं आणि नंबर एकेक आकडा करून लिहून घ्यायला लावला.