शेवटचा किल्ला

लोंढ्याहून संध्याकाळच्या गाडीने बेळगावला येत होतो. समोर साठीतले एक आप्पा बसले होते. निपाणीकडचे जैन शेतकरी, एवढं बोलण्यातून कळलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

ते मोबाईलवर राज्यं जिंकत होते. त्या खेळात आपण पाळी संपवेपर्यंत शत्रू जागचा हलत नाही, आणि आप्पांना कसलीच घाई नव्हती. एखादी फौज बोटाने पुढे सरकवत, मिशीतल्या मिशीत पुटपुटत आणि पुन्हा मागे आणून ठेवत. आधी नदीवरचा पूल घेतला, मग धान्याची कोठारं, मग डोंगरातली वाट. गुंजी स्टेशन मागे पडलं तोवर सगळा नकाशा त्यांच्या रंगाचा झाला होता. उरला फक्त राजधानीचा किल्ला. तिन्ही बाजूंनी तोफा लागलेल्या, एक बटण दाबायचं बाकी. मी श्वास रोखून पुढे वाकलो.

आप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. सूर्य झाडांना टेकला होता.

"जरा धरा," म्हणत त्यांनी मोबाईल माझ्याकडे दिला आणि डबा उघडला.

"अहो आप्पा, एकच तर वार राहिलाय! घ्या की आधी."

"दिस बुडल्यावर आमी जेवत न्हाय. किल्ला थांबतोय माझ्यासाठी, दिस थांबतोय व्हय?"

मी असतो तर जेवण काय, स्टेशनही चुकवलं असतं. ते शांतपणे भाकरी चावत राहिले. चुकून अंगठा लागेल म्हणून मी मोबाईल दोन्ही तळहातांवर तोलून बसलो. एवढ्या मोठ्या फौजा माझ्या हातात गप उभ्या होत्या, एका माणसाचं जेवण होण्याची वाट बघत.