म्होरं जाळं हाय

मुलीचा निरोप आला तेव्हा मी गवार निवडत होतो. 'बाबा, उद्यापासून बर्फाचा पट्टा. काही दिवस फोन लागणार नाही.' झालं. तेव्हापासून माझा पाय घरात ठरेना. मुलगी मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर, जहाज कॅनडाकडे निघालेलं, आणि बाप विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये फेऱ्या मारतोय.

"बसा की जरा," बायको म्हणाली. "तुमी फिरून जहाज पुढं जानार हाय का?"

मला राग आला. तिचं खरं होतं म्हणून जास्तच आला. स्कूटर काढली आणि तडक आमच्या गावाला, मोऱ्याला गेलो. धक्क्यावर गढूळ पाण्याकडे बघत उभा राहिलो. लाँच आली, माणसं उतरली, लाँच गेली. जीव काही थाऱ्यावर येईना.

कारण तिकडे काय असतं ते मला ठाऊक आहे. खलाशी म्हणून मीही त्याच पाण्यातून गेलोय. लोकांना वाटतं, हिमनग म्हणजे पांढरा डोंगर. तो डोंगर रडारवर लांबूनच दिसतो, नकाशावर त्याची जागा रोज कळते. त्याला कोण भितं? भीती त्याच्या तुटलेल्या तुकड्यांची. तुकडा ट्रकएवढा, पण पाण्यावर दिसणार टेबलाएवढाच. खवळलेल्या लाटांत रडारला तो वेगळा ओळखू येत नाही. तिथे माणसाचे डोळेच लागतात.

एका धुकट सकाळी ते डोळे माझे होते. जहाजाच्या पुढच्या टोकाला कुडकुडत उभा होतो. पांढरं काहीतरी दिसलं, लाटेआड गेलं, पुन्हा तिथेच वर आलं. फेस असता तर विरला असता. एकाच जागी डुचमळतंय म्हणजे तरंगता बोया, आणि बोया म्हणजे खाली कुणाचं तरी जाळं. आमच्या कोळ्यांत दुसऱ्याच्या जाळ्यावर होडी घातली की भांडण घरापर्यंत येतं. मी विचारच केला नाही. वॉकीटॉकीवर ओरडलो, "म्होरं जाळं हाय, डावीकडं. बाजूला घ्या."

जहाज चालवतात त्या ब्रिजवरचे साहेब रत्नागिरीचे. "अरे, या पाण्यात कुणाचं जाळं?" असं करवादत त्यांनी जहाज उजवीकडे वळवलं. थोड्या वेळाने ते जाळं आमच्या बाजूने गेलं. हिरवट, गुळगुळीत बर्फ, पाण्याखाली दूरवर पसरलेला. बाकीचे खलाशी सफर संपेपर्यंत माझ्याकडे कोळंबी मागत होते.

ही गोष्ट मुलीला मी इतक्यांदा सांगितली, की मी सुरुवात केली की ती उठून पळायची. धक्क्यावर तेच डोक्यात घोळत होतं. एवढी पळाली, तर ऐकली किती?

मग मी रोजच मोऱ्याला जाऊ लागलो. बायकोनेही टोकणं सोडलं. एका सकाळी तिथेच फोन वाजला, निरोप होता.

'बाबा, पट्टा पार. काल धुक्यात माझ्या खलाशाला पांढरं काहीतरी दिसलं. बर्फ की फेस, त्याला ठरवता येईना. मी म्हटलं, जाळं समज. आणि जहाज वळवलं.'

मी होतो तिथेच खाली बसलो. बायकोला फोन लावला.

"काय झालं? बोला ना," ती घाबरून म्हणाली.

"काय नाय," मी म्हटलं. "आपल्या बायनं कुनाचं जाळं तोडलं नाय."