राणीचे दहा चिंचोके

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या उंच इमारतींमध्ये राजसबाईंना ओळखत नाही असा वॉचमन सापडायचा नाही. बाळबाळंतिणीला न्हाऊमाखू घालणं हा त्यांचा वीस वर्षांचा उद्योग. न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसायचं, बाळाला नडगीवर पालथं घालायचं आणि तोंडानं अखंड बोलत राहायचं. बोलणं तंजावरकडच्या जुन्या मराठीत. त्याला हेल तमिळचा, त्यामुळे बाळाच्या आईला त्यातलं निम्मं कळायचं. बाळाला मात्र सगळं कळत असावं, कारण ते झोपून जायचं.

दिवसभर कॉम्प्युटरशी झटापट करणाऱ्या या मुलींना न्हाणीघरात मात्र सगळं अस्सल आणि पारंपरिक लागे. नाकात तेल हवं, सांब्राणीचा, म्हणजे उदाचा, धूर हवा, जिभेवर मधाचं बोट हवं. राजसबाई जुन्या वळणाच्या, म्हणून तर त्यांना बोलावणं. पंचाईत एवढीच होती, की राजसबाई मुळीच जुन्या वळणाच्या नव्हत्या. नाकातलं तेल छातीत उतरतं, धुरानं बाळाची छाती भरते, वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, हे एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना फार पूर्वी समजावलं होतं आणि त्यांना ते पटलंही होतं. पण तसं सरळ सांगायला गेलं की लगेच, "आमची आजी घालायची," आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी दुसरी बाई.

मग राजसबाईंनी नामी युक्ती काढली. कुणी तेलाचा हट्ट धरला की त्या बाळाचं नक्षत्र विचारायच्या, बोटांची पेरं मोजायच्या आणि चेहरा पाडून सांगायच्या, या नक्षत्राला नाकात तेल वर्ज्य. नक्षत्रं सत्तावीस, आणि सत्ताविसांनाही वर्ज्य. धूर कृष्णपक्षात चालत नसे आणि शुक्लपक्षात तर मुळीच नाही. डॉक्टरांवर विश्वास न ठेवणाऱ्या मुली या थापांपुढे मान डोलवायच्या. खरं सांगण्यासाठी इतकं खोटं बोलावं लागलेली बाई अख्ख्या चेन्नईत दुसरी नसेल.

त्यांची सगळ्यांत मोठी थाप म्हणजे राणीचे चिंचोके. आठवा महिना लागलेली कुणी दिसली, की त्या तिच्या हाती दोन वाट्या आणि दहा चिंचोके द्यायच्या. दुपारी जेवून डाव्या कुशीवर पडायचं. बाळ हललं की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. दोन तासांत दहा पडले तर ठीक. नाही पडले तर पायांत चप्पल घालून थेट दवाखाना. ही तंजावरच्या राजवाड्यातली सात पिढ्यांची रीत, खुद्द राणीसाहेबांची आज्ञा! राणीच्या काळी असा दवाखाना कुठला होता, हे वीस वर्षांत एकाही इंजिनीअर मुलीनं विचारलं नव्हतं.

विचारलं ते घरच्या सुनेनं.

यामिनीचे वडील चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात, मूळचे साताऱ्याकडचे. ती स्वतः सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा तिला पगारच मिळे. सासूनं वाट्या पुढे केल्या तशी ती म्हणाली, "आई, राणी डाव्या कुशीवर झोपायची हे लिहून कोणी ठेवलं? आणि चप्पल घालून कुठल्या दवाखान्यात जायची?"

वाट्या फ्रीजवर गेल्या. मुलगा बालाजीराव श्रीपेरुंबुदूरच्या कार कारखान्यात शिफ्टवर. आई आणि बायको यांच्यामध्ये पडण्यापेक्षा कंपनीची बस वेळेवर पकडणं त्याला सोपं वाटे.

राजसबाईंना वाईट वाटायचं, आणि ते खोटं का सांगावं? अख्ख्या वसाहतीच्या सुना ज्यांचं ऐकतात, त्यांची सून त्यांना मोबाइलमधल्या ॲपपेक्षाही कच्ची समजत होती. पण दोष कोणाला द्यायचा? थापांचं दुकान त्यांनीच मांडलेलं.

यामिनीला सदतिसावा आठवडा चालू होता. शुक्रवारी दुपारी ती जेवायला बसली, तेव्हा राजसबाईंनी रसम वाढता वाढता सहज विचारलं, "काय म्हणतंय पोर?"

"आज स्वारी शांत आहे. कालपासूनच जरा. ग्रुपवर सगळ्या म्हणतात, शेवटी आत जागा कमी पडते, मग बाळ कमी हलतं."

राजसबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. मग त्यांनी तो भांड्यात ठेवला आणि फ्रीजवरच्या वाट्या काढून आणल्या.

"आई, पुन्हा राणी?" यामिनी हसली.

"राणी नव्हती," राजसबाई म्हणाल्या. "राजवाडाही नव्हता. खोटं सांगितलं मी. आमच्या घराण्यानं राजवाडा बाहेरून पाहिलाय तेवढाच."

यामिनीनं ताट बाजूला सारलं.

"बालाजीच्या आधी एक मुलगी होती. तेहतीस वर्षं झाली. नववा भरत आला आणि ती हलेनाशी झाली. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, दिवस भरले की पोर निजतं, भिऊ नकोस. चांगल्या होत्या गं त्या. त्यांना तसंच कुणीतरी सांगितलेलं. मी दोन दिवस थांबल्यें. मग दवाखान्यात गेल्यें, तर नर्स विचारती झाली, कधीपासून हलत नाही? म्हटलं, परवापासून. ती म्हणाली, मग परवा का नाही आलीस?" राजसबाईंनी दहा चिंचोके एका वाटीत मोजून टाकले. "त्याला उत्तर नव्हतं माझ्यापाशी. अजून नाही. मोजायचं ते पुढं त्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. पण खरं सांगितलं तर पोरी घाबरतात, अपशकुनी बाई म्हणून दार लावतात. राणीचं म्हटलं तर ऐकतात. तू राणीवर विश्वास ठेवू नकोस, कण्णा, बाळा. पण आडवी हो."

यामिनी उठली. हात धुऊन ती डाव्या कुशीवर आडवी झाली. राजसबाई उशाशी बसल्या. वीस वर्षं अखंड चाललेलं ते तोंड दोन तास बंद होतं. दोन तासांत चार चिंचोके पडले. चौथा पडला तेव्हा यामिनी म्हणाली, "हा नक्की होता का, मलाच माहीत नाही." मग तीच उठली आणि तिनंच चप्पल घातली.

बालाजीरावाला फोन लागला नाही, कारखान्यात कामाच्या लाइनवर फोन नेऊ देत नाहीत. मेट्रोच्या खोदकामानं अडलेल्या रस्त्यावर ऑटो गोगलगायीसारखी सरकत होती आणि राजसबाई ऑटोवाल्याला, पुढच्या बसवाल्याला, खोदणाऱ्यांना अशा काही शुद्ध तमिळमध्ये शिव्या घालत होत्या, की यामिनीला त्याही स्थितीत हसू आलं.

दवाखान्यात यंत्र लावलं. बाळाचे ठोके मंदावत होते. तासाभरात ऑपरेशन झालं आणि मुलगी झाली, अडीच किलोची, रडण्यात चांगली दणकट. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाल्या. "माहितीपत्रकात वाचलं असेल ना? पान तीन."

पान तीनवर खरोखरच होतं. डाव्या कुशीवर झोपा, हालचाली मोजा, दोन तासांत दहा नसतील तर ताबडतोब या. हालचाल मंदावली तर 'शेवटी असंच असतं' म्हणून थांबू नका. यामिनीनं बाबागाडीच्या चाकांवर चाळीस पानं वाचली होती, पण हे पान तिच्या फाइलमध्ये आठ महिने घडीसुद्धा न मोडता पडून होतं. राजसबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी यामिनीकडून ते दोनदा मराठीत सांगून घेतलं आणि म्हणाल्या, "चिंचोके राहिले लिहायचे."

महिन्याभरानं एका सकाळी नात आजीच्या नडगीवर पालथी पडली होती. "नाकात तेल?" यामिनीनं मुद्दाम विचारलं. "पूर्वाषाढा नक्षत्र," राजसबाई न हसता म्हणाल्या. "वर्ज्य."

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधली शरण्या आली. तिला आठवा लागलेला. अंघोळ बघायला म्हणून ती दाराशी टेकली आणि तमिळमध्ये म्हणाली, "मामी, ते चिंचोके मलाही द्या ना. राणीची रीत आहे म्हणे."

राजसबाईंनी सवयीनं तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी यामिनी बोलली.

"राणीची नाही. आमच्या घरची आहे. माझ्या थोरल्या नणंदेनं घालून दिलेली."

"डॉक्टर आहेत का त्या?"

"नाही. फार लहानपणी गेली. पण आमची मुलगी तिच्यामुळं आहे."

शरण्या दारातून आत आली. मग हळूच म्हणाली, "काय नाव होतं?"

यामिनीला ते माहीत नव्हतं. तिनं सासूकडे पाहिलं. श्वासही न घेतलेल्या पोरीला कोणी नाव ठेवत नाही. ना बारसं झालं होतं, ना कुणी कधी विचारलं होतं. राजसबाईंचा तेलाचा हात नातीच्या पाठीवर थांबला.

"रंजनी," त्या म्हणाल्या. हे नाव मोठ्यानं घेण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. ते कसं ऐकू येतं, हे बघायला त्यांनी ते पुन्हा एकदा घेतलं.

मग त्यांनी तांब्या उचलला. "वाट्या फ्रीजवर आहेत," त्या शरण्याला म्हणाल्या. "दहा आहेत का बघून घे."