बर्फाच्या भीतीनं

निवृत्तीनंतर ह्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिच्यात पलंग, ओटा, संडास, शॉवर, सगळं बसवून घेतलं. दोनदा फिरून आलो. मग थंडीत ह्यांचे गुडघे धरायला लागले, म्हणून गाडी उन्हाळ्यापर्यंत आदिलाबादजवळ मावल्याला आमच्या घरी अंगणातच उभी ठेवायचं ठरलं.

तेवढ्यात कॅनडातल्या भाच्याचा फोन आला. नळ्यांत पाणी राहिलं तर त्याचा बर्फ होतो आणि नळ्या फुटतात, म्हणाला. आमच्या आदिलाबादची थंडी कडक खरी, पण बर्फ मी रसाच्या गाड्यावरच पाहिलेला. तसं बोलूनही दाखवलं. ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि भाचा सांगेल ते वहीत उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी टाकी आणि गीझर रिकामे झाले. नळ्यांत अडकलेलं पाणी हवेनं ढकलायचं होतं. त्यासाठी हायवेवरचा पंक्चरवाला हवेची मशीन घेऊन आला. त्यानं आजवर ट्रकच्या चाकांतच हवा भरलेली. ह्यांनी त्याला चारचारदा बजावलं, हवा अगदी हळू सोड.

मला आत उभं केलं. "तू फक्त नळ उघड, बाकी मी पाहून राह्यलो."

मी शॉवरचा नळ उघडला. काहीच येईना. हे आत आले, चष्मा सावरून शॉवरखाली मान वर करून पाहू लागले. बाहेर पंक्चरवाल्याला वाटलं, हवा कमी पडली. त्यानं वाढवली. नळी गुरगुरली आणि साचलेलं गार पाणी ह्यांच्या तोंडावर फस्सकन आलं.

"भाऊ, आलं काय पाणी?" बाहेरून त्यानं विचारलं.

"आलं," हे म्हणाले. मी तोंडाला पदर लावून खाली उतरले.

आठवडाभरानं मंचेरियलहून नणंद आली. ती खास गाडीत झोपायलाच आलेली. तिला नाही कोण म्हणणार? टाकी पुन्हा भरली. चार दिवस तिनं त्याच शॉवरखाली मजेत आंघोळ केली.

ती गेल्यावर मी विचारलं, "पंक्चरवाल्याला बोलावू का?"

ह्यांनी चष्मा काढून पुसला. "राहू दे. फुटली तर फुटली."

काही फुटलं नाही. भाच्यानं फोनवर चौकशी केली तेव्हा ह्यांनी ठासून सांगितलं, नळ्या ठणठणीत कोरड्या आहेत. मी शेजारीच शेंगा सोलत होते. सोलत राहिले.