शेठच्या कुंड्यांतले ट्यूलिप

घोडेगावच्या कापडवाल्या शेठच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या भाभी, मागच्या फेब्रुवारीत गेल्या. त्या दिवशी अंगणातल्या कुंड्यांत ट्यूलिपची पानं होती. फूल नव्हतं.

शेठ कोणाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. लहानपणी आम्ही त्यांच्याकडे गणवेशाचं कापड घ्यायला जायचो. हवा तो रंग नसला की ते ‘बघू’ म्हणत आणि दुसराच तागा उलगडत. आई म्हणायची, “शेठचं ‘बघू’ म्हणजे दुसरं दुकान बघा.”

भाभींना काश्मीरच्या ट्यूलिपच्या बागा बघायच्या होत्या. तिकिटं काढली आणि त्यांचं दुखणं निघालं. जाणं रद्द झालं. शेठनी कंद मागवले. लावण्याआधी ते दोन-अडीच महिने फ्रीजमध्ये ठेवावे लागतात, तरच फूल येतं. पण घर जैनांचं. जमिनीखालचं काही भाभींच्या स्वयंपाकघरात येत नसे.

“कांदाच दिसतोय तो,” त्या म्हणाल्या. “माझ्या फ्रीजात नको. फूल आलं की अंगणात बघीन.”

शेठनी पिशवी शेजारच्या जिजाबाईंकडे दिली. त्यांची कांद्याची शेती. फ्रीजचा खालचा कप्पा त्यांनी लगेच मोकळा करून दिला.

डिसेंबरात शेठ कंद आणायला गेले, तेव्हा मी सोबत होतो. जिजाबाई फ्रीजकडे गेल्याच नाहीत. घरामागच्या बराखीतून, कांदा साठवायच्या हवेशीर छपरातून, त्या सूपभर कंद घेऊन आल्या.

“फ्रीजात कांदा नासतो, शेठ. तुमाला काय ठावं, तुमी कधी खाल्लाय व्हय? दुसऱ्याच दिवशी काढून पसरले. एक बी सडला न्हाई.”

शेठनी एक कंद उचलून पाहिला. “छान ठेवलेत, वहिनी.”

पुन्हा फ्रीजमध्ये ठेवले असते तर लावणी उन्हाळ्यात आली असती. परतताना मी विचारलं, “आता फूल येईल का?”

“नाही,” शेठ म्हणाले.

त्यांनी कंद लावले. रोज सकाळी कुंड्यांभोवती बर्फ ठेवला. पानं वर आल्यावर भाभींनी खाटेवरून विचारलं, “येईल ना फूल?”

“बघू.”

भाभींचा संसार त्या दुकानाच्या मागेच झालेला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सुतक संपल्यावर जिजाबाई शेठना भेटायला आल्या. फूल का आलं नाही, असं त्यांनी विचारलं. थंडी कमी पडली, असं शेठनी सांगितलं.

“पुढच्या साली परत आणा. कप्पा मोकळाच ठेवते.”

“बघू,” शेठ म्हणाले.

या हिवाळ्यात त्यांनी कंद आणले नाहीत. जिजाबाईंच्या फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा आहे.